हवा आधी सोडणारा

आम्ही मित्रांनी स्वतः बांधलेल्या छोट्या विमानाचं चाक मी पाथरी रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेलं. मी नटाला पाना लावताच त्यानं हात धरला.

"सायेब, आधी हवा सोडा. दोन तुकड्यांची रिम हाय. भरल्या हवेत खोलली तर तोंडावर उडंल."

इंजिनिअर म्हणे मी! त्यानं हवा सोडली, वॉल्व्हला कान लावून ती संपल्याची खात्री केली, मगच नट ढिले केले.

पेडगावच्या माळावर विमान उडालं. सगळे आभाळाकडे बघत टाळ्या पिटत होतो. आमच्यासोबत आलेला पंक्चरवाला मात्र उकिडवा बसून जमिनीकडेच बघत होता.

"वर काय बघू? माझं काम टेकल्यावर हाय."

विमान टेकलं, सरळ धावून थांबलं. आम्ही चालवणाऱ्या मित्राकडे पळालो. पंक्चरवाला चाकाकडे गेला आणि पास झालेल्या लेकीच्या पाठीवर द्यावी तशी त्यावर थाप दिली.