डोहाळजेवणाच्या दुपारी झोपाळ्याची कडी

मद्रासला मी आले ती अक्काच्या भरवशावर. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न होऊन ती आधीच तिकडे गेली होती. मला गिंडीच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हा तिच्याच घरी माझी ट्रंक उतरली. साठ साल नुकतंच उलटून गेलं होतं. शहराबाहेर क्रोमपेटला तेव्हा मोकळी माळरानं होती. त्यातल्याच एका तुकड्यावर भाऊजींनी, म्हणजे अक्काच्या यजमानांनी, नवं घर बांधलं होतं.

माझं काम चिकटवायच्या द्रव्यांची परीक्षा करण्याचं. एपॉक्सी नावाचा पदार्थ तेव्हा नवाच होता. एका डब्यात मधासारखी दाट राळ, दुसऱ्यात नाकाला झोंबणारा पातळ द्रव. दोन्ही मिसळून ठेवलं की रात्रीत त्याचा दगड व्हायचा. आम्ही ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांची टोकं एकमेकांवर चिकटवायचो आणि यंत्रात धरून ओढायचो. सांधा भलताच ताण सोसायचा. सोसता सोसता एकदम सुटायचा, तो बंदुकीच्या बारासारखा आवाज करून. दर वेळी मी दचकायचे आणि आमचे सर हसायचे. वयस्कर, कपाळावर गंध लावणारे तमिळ गृहस्थ होते ते. मला 'अम्मा' म्हणायचे.

भाऊजी कारखान्यात इंजिनिअर. नव्या वस्तूचं त्यांना विलक्षण वेड. घराचा स्लॅब ओतताना मेस्त्री झोपाळ्याच्या कड्या बसवायला विसरला होता. मागाहून बसवायच्या तर स्लॅब आरपार फोडायला हवा. "काही फोडायची गरज नाही," भाऊजी म्हणाले. डिसेंबरात त्यांनी छताला खालून भोकं पाडली, त्यांत कड्यांचे गज खुपसले आणि एपॉक्सी भरली. दोन दिवसांनी दोन मित्रांना शेजारी घेऊन ते स्वतः झोपाळ्यावर बसले आणि उड्या मारल्या. तसूभर हललं नाही काही. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. गिंडीत मी रोज तेच बघत होते.

मे महिन्यात अक्काचं डोहाळजेवण ठरलं. सातवा महिना संपत आला होता. शनिवार होता, मला अर्धा दिवस होता. भाऊजींचा कारखाना मात्र संध्याकाळपर्यंत. त्या सकाळी सरांनी एक नवीन प्रयोग लावला होता. सांध्याभोवती छोटी विजेची भट्टी बसवली, खाली वजन टांगलं आणि ते तसंच राहू दिलं. वजन फार नव्हतं. थंड सांध्याने याच्या कितीतरी पट तोललं असतं.

मी आवाजाची वाट बघत कानांवर हात ठेवून उभी होते. आवाज आलाच नाही. काही वेळाने बघते तर वरच्या पट्टीवर पेन्सिलीने मारलेली खूण आणि खालच्या पट्टीची कड यांच्यात अंतर पडलेलं. ते वाढत होतं. डोळ्यांना हालचाल दिसत नव्हती, पण नजर वळवून पुन्हा बघावं तर आणखी थोडं वाढलेलं.

"हा तुटत नाही अम्मा, सरकतो," सर म्हणाले. त्यांनी काडीने सांध्याची कड टोचली. दगडासारखा असायचा तो पदार्थ चिंचेच्या गोळीसारखा दबला. "थंड झाला की पुन्हा दगड. मग कुणाला पत्ता लागायचा नाही."

"भट्टी किती तापलीय?" मी विचारलं.

"फार नाही. या दिवसांत आपली गच्ची तापते ना, तेवढीच."

भाऊजींच्या गच्चीवर अजून फरशी बसली नव्हती. उघडा स्लॅब दिवसभर उन्हात भाजत होता. त्याच स्लॅबच्या पोटात ते गज होते आणि त्यांच्याखाली, थोड्याच वेळात, अक्का बसणार होती.

घरी फोन नव्हता. सरांना काय सांगितलं ते आठवत नाही, पण छत्री तिथेच राहिली. गाडीत बाकावर बसवेना, दाराशी उभी राहिले. प्रत्येक स्टेशनावर गाडी थांबली की वाटायचं, आता बसवलं असेल तिला. आता ओटी भरत असतील. आता कुणीतरी हौसेने झोका दिला असेल. साध्या वजनापेक्षा झोक्याचा ताण वाईट, गज पुढेमागे हलतो, हे मला माहीत होतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं. क्रोमपेटला उतरून मी त्या उन्हात पदर खोचून पळत सुटले.

दारातच गाण्याचा आवाज आला. आत पंधरावीस बायका होत्या. आमच्या आळीत तंजावरकडची मराठी घरं बरीच, त्यांच्याच त्या बायका, तमिळ हेल काढून मराठी बोलणाऱ्या. झोपाळ्याला मोगऱ्याच्या माळा गुंडाळलेल्या. मधोमध हिरव्या साडीत अक्का, एक हात पोटावर. मी वर बघितलं. डाव्या कडीच्या गजावरची लोखंडी चकती डिसेंबरात छताला घट्ट टेकलेली होती. आता चकती आणि छत यांच्यामध्ये बोटभर लखलखीत गज दिसत होता.

ओरडणार होते. तोंड उघडलंही. पण ओरडले तर सगळ्या एकदम उठतील, अक्का दचकून उडी मारेल, आणि त्या हिसक्यानेच कडी निसटून येईल. मी बायकांमधून वाट काढत तिच्यापर्यंत पोचले.

"अक्का, सावकाश ऊठ. काही विचारू नकोस."

"आत्ता? अगं, ओटी भरायचीय!"

"मध्येच उठवू नकोस तिला," अक्काच्या सासूबाई म्हणाल्या. "चांगलं नसतं ते." एवढ्यात शेजारच्या चांगल्या दणकट मामी फोटोसाठी अक्काजवळ बसायला म्हणून पुढे सरकल्या. त्यांनी फळीला हात लावला. साखळी किंचित कुरकुरली.

मग माझ्या तोंडून निघालं, "अक्का, मला घेरी येतेय. धर मला."

खोटंच होतं, पण माझे हातपाय असे लटपटत होते की कुणाला शंका आली नाही. अक्का झटकन नाही, पण उठली. पोट सांभाळत, हळू, आणि तिने मला कवेत घेतलं. तिचे पाय जमिनीवर आलेले बघून मला रडूच फुटलं.

"पाणी आणा! ऊन लागलंय पोरीला," मामी म्हणाल्या आणि दोघीतिघींनी मला उचललं. "निजवा हिला झोपाळ्यावर!"

मी फरशीवर अंग टाकून दिलं. जवळच्या दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि किंचाळले, "नको! कुणी बसू नका त्याच्यावर! कडी सुटतेय!"

गाणं थांबलं. सगळ्यांनी वर बघितलं. बोटभर गज म्हणजे काही मोठी गोष्ट दिसत नव्हती. "पहिल्यापासून तसाच असेल," कुणीतरी म्हणालं. सासूबाईंचा चेहरा काळवंडला होता. "भरल्या घरात, आजच्या दिवशी असलं अभद्र बोलतात?" त्यांनी मला विचारलं. अक्काने एकदाच माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मला खुर्ची द्या. ओटी खुर्चीत भरा." तिथून पुढे कार्यक्रम झाला, पण गाणी काही पुन्हा रंगली नाहीत.

संध्याकाळी भाऊजी आले तेव्हा समुद्राचा वारा सुटला होता. सासूबाईंनी सगळं सांगितलं. ते बूट काढून थेट झोपाळ्याशी गेले, साखळीला दोन्ही हातांनी लोंबकळले, मग वर बसून जोरात झोके घेतले. काही झालं नाही. "बघितलंस?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीव होती, ती जास्त लागली. "तुझ्या त्या प्रयोगशाळेत भीती वाटायलाच शिकवतात वाटतं."

"थंड झाल्यावर तो पुन्हा घट्ट होतो," मी म्हणाले. "उद्या दुपारी बघा. पण कुणी बसायचं नाही. वाळूची पोती ठेवा."

दुसऱ्या दिवशी रविवार. अंगणात बांधकामाची वाळू उरली होती. भाऊजींनी जेवणं झाल्यावर तीन पोती भरून फळीवर ठेवली आणि आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दारात बसलो. छतातून ऊब डोक्यावर उतरत होती. बराच वेळ गेला. सासूबाई पेंगू लागल्या. आपण चुकलो असलो तर उद्यापासून या घरात तोंड कसं दाखवायचं, असं मला वाटत होतं. आणि बरोबर असलो तर, या विचाराने अंगावर काटा येत होता.

"वाकडी झालीय का गं फळी?" अक्काने हळूच विचारलं.

भाऊजी उठायला लागले. मी त्यांचा सदरा धरून ओढला. तेवढ्यात डावी बाजू कसलाही आवाज न करता वीतभर खाली आली, क्षणभर थबकली, आणि मग फळी, पोती, साखळी सगळं एकदम कोसळलं. गजाचं टोक फरशीवर आपटून तिचा टवका उडाला. आदल्या दिवशी अक्काचं डोकं होतं त्याच जागेतून ती साखळी खाली आली होती.

सासूबाई "देवा रे" म्हणून अक्काला बिलगल्या. अक्काचे दात वाजत होते, मे महिन्यात. भाऊजींनी गज उचलला. त्याला चिकटलेला तो पिवळसर थर त्यांनी अंगठ्याने दाबला. नखाची खूण उमटली. ते बराच वेळ ती खूणच बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात स्लॅब आरपार फोडून, वरून लोखंडी पट्टी घालून नव्या कड्या बसवल्या. अक्काला जुलैत मुलगी झाली. पोरीला मांडीवर घेऊन अक्का खुशाल त्याच झोपाळ्यावर बसायची. मी समोर भिंतीशी उभी राहायचे, आणि पोरीचं कौतुक करताना नजर सारखी छताकडे जायची.

भाऊजींनी माझी माफी मागितली नाही, मला ती नकोही होती. बऱ्याच वर्षांनी, एकदा दोघंच गप्पा मारत असताना, त्यांनी सांगितलं की त्या सोमवारी ते कारखान्यात गेले आणि भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये शिडी लावून चढले. वर जिथे जिथे त्यांनी मोठ्या विश्वासाने एपॉक्सी वापरायला लावली होती, तो एकेक सांधा त्यांनी नखाने दाबून बघितला. "खाली माणसं काम करत होती," ते म्हणाले. "आणि माझे पाय शिडीवर थरथरत होते."