दहा ते एकची मोजणी

आमच्या प्राणिशास्त्र विभागात एक नियम होता आणि त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. कामठीकडच्या तळ्यावर चतुर हे कीटक मोजायचे ते सकाळी दहा ते दुपारी एक, याच वेळात. एक वाजला की वही बंद. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ही मोजणी सुरू केली तेव्हा त्या स्वतः विद्यार्थिनी होत्या आणि माझा जन्मही झाला नव्हता. पुढे प्रत्येक तुकडीने ती तशीच चालवली. मी तर इतकी कडक, की साडेदहाला उगवलेल्या एका ज्युनियरला तळ्यावरूनच परत पाठवलं. "लग्न आहे का हे, अक्षता पडल्यावर आलं तरी जेवण मिळायला?" असंही वर ऐकवलं.

त्या वर्षी विद्यापीठातल्या सगळ्या विभागांनी मिळून हवामान आणि जैवविविधतेच्या संकटावर सभा ठरवली. आमच्याकडून मॅडम बोलणार होत्या, निवृत्तीआधीचं शेवटचं भाषण. आलेख मी काढला. उन्हाळ्यातल्या चतुरांची रेघ दर वर्षी खाली येत पार जमिनीला टेकली होती. तो बघून मॅडमचा चेहरा उतरला. आणि मला, खोटं कशाला बोलू, माझ्या प्रबंधाला दमदार निष्कर्ष मिळाला म्हणून बरंही वाटलं.

सभेच्या आठवडाभर आधी, भर मे महिन्यात, मी शेवटची मोजणी करायला गेले. डोक्याला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून पिशवीत कांदा, आणि तीन तासांत दिसले चार चतुर. तळ्यावर मासे धरणारी एक बाई बाभळीखाली जाळं दुरुस्त करत बसलेली असायची. त्या दिवशी तिला राहवलं नाही.

"अवं बाई, या उन्हात काय मोजून राहिली तू?"

"चतुर. ते हेलिकॉप्टर म्हणतात ना, ते."

"मंग या टायमाले काहून येतं? ते का येडे हायेत उन्हात मराले? सांजच्याले आमी जाळं टाकतो तवा तोंडावर येते."

मी हसले. शिकलेली माणसं हसतात तशी. पण मग पाय निघेना, म्हणून थांबले. ऊन कललं आणि पाण्यावर चतुर यायला लागले. इतके, की मोजता येईनात. आधी मी आनंदाने ओरडलेच. मग प्रश्न पडले. हे नेहमीच संध्याकाळी येत होते, की ऊन सोसेना म्हणून आता वेळ बदलली? पूर्वी संध्याकाळी याहून जास्त असायचे का? म्हणजे घटले, की घटलेच नाहीत? डोकं पार भंजाळलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं, "दहा ते एक ही वेळ कशावरून ठरवली?"

"चांगलं ऊन असलं की चतुर बाहेर पडतात. तुला माहीत नाही का?"

"ते दहाचं झालं. पण एक वाजताच का थांबायचं? संध्याकाळी एकदाही का नाही?"

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "दीडला होस्टेलची मेस बंद व्हायची वं. उशीर झाला की नुसता भात उरायचा. अन् संध्याकाळी लवकर गेट लागायचं. पोरींना कोण बाहेर राहू देते?"

हसावं की रडावं कळेना. ही वेळ आम्ही शोधनिबंधांत 'पद्धती' म्हणून छापली होती. दुसऱ्या कॉलेजांनीही ती उचलली होती. मला मॅडमचा रागच आला. मग आठवलं, मीही इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, आणि रागाला जागा उरली नाही.

त्याच संध्याकाळी मी त्यांना तळ्यावर नेलं. मॅडम काठच्या पाळीवर उभ्या राहिल्या, पाण्यावरचे चतुर पाहिले आणि लहान पोरीसारख्या खुदकन हसल्या. "म्हणजे मेले नाहीत ना वं?"

"माहीत नाही, मॅडम."

"कमी झाले?"

"तेही माहीत नाही."

त्या खाली बसल्या. "मग सभेत मी सांगू काय?"

सभेत त्यांनी माझा आलेख लावला. म्हणाल्या, "उन्हाळ्यातले दुपारचे चतुर जवळजवळ संपले, हे खरं आहे. संध्याकाळचं मला माहीत नाही, कारण मी कधी पाहिलंच नाही." मागून कोणीतरी म्हणालं, "मग इतकी वर्षं केलं काय?" मॅडमनी कागद गोळा केले आणि त्या खाली उतरल्या. 

पुढच्या मे महिन्यात, निवृत्त झाल्यावर, त्यांनी मला संध्याकाळी तळ्यावर बोलावलं. कोरी वही आणली होती. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'वर्ष पहिलं'. चतुर आले तशा त्या डोळे बारीक करून पाहत राहिल्या. दोनदा चष्मा पुसला. मग पेन उघडून माझ्याकडे वळल्या.

"या उजेडात मले दिसून नाही राहिले वं," त्या म्हणाल्या. "तू सांगत जा, मी लिहीत जाते."