काकवी रंगाच्या जर्सीचे चिटणीस

अर्जेंटिनाच्या उत्तरेला, उसाच्या मुलखात, एका बंद पडलेल्या साखर कारखान्याचा फुटबॉल क्लब आहे, आणि त्या क्लबाचा पहिल्या दिवसापासूनचा इतिहास तोंडपाठ असलेला माणूस सबंध न्यू जर्सीत, किंबहुना विषुववृत्ताच्या अलीकडे, एकच होता. तो माझा साडू निघावा याला मी बरीच वर्षं पूर्वसंचित म्हणत असे. आता भाग्य म्हणतो. खरं तर ते एकट्या माझेच साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. पण एडिसनच्या आमच्या मराठी मंडळात अध्यक्षांपासून मोदक वळणाऱ्या काकूंपर्यंत सगळे त्यांना साडूभाऊच म्हणत, आणि ते सगळ्यांनाच ओ देत.

साडूभाऊ मूळचे कोल्हापूरकडचे, साखरेचे केमिस्ट. एकोणीसशे साठच्या दशकात कुणा परदेशी साहेबाच्या ओळखीने ते त्या अर्जेंटिनातल्या कारखान्यात गेले. उसाचा रस किती वेळ शिजवावा हे सांगायला गेलेल्या या माणसाला तिथल्या कामगारांनी वर्षभरात क्लबाचा चिटणीस केलं. कारण एकच, ते म्हणत: सभेत सगळे एकाच वेळी बोलत आणि ऐकणारा मी एकटा होतो. हे ऐकून आमच्या मंडळातले लोक एकमेकांकडे बघत, कारण साडूभाऊ कुणाचं ऐकतात हे कुणीच पाहिलेलं नव्हतं. पुढे कारखाना बंद पडला, साडूभाऊ देशात येऊन लग्न करून न्यू जर्सीला साखर शुद्ध करायच्या एका कारखान्यात लागले, पण चिटणीसपदाचा राजीनामा त्यांनी कधी दिला नाही. ताई म्हणायच्या, "ह्यांचं पहिलं लग्न त्या क्लबाशी झालंय. मी नंतरची."

क्लबाची जर्सी काकवीच्या रंगाची. साडूभाऊंची गाडी काकवीच्या रंगाची, घराचं दार त्याच रंगाचं, आणि शनिवारी लॉन कापताना अंगात ती मूळची जर्सी. पलीकडच्या घरात नव्याने राहायला आलेल्या गोऱ्या बाईंनी एकदा त्यांना तसल्याच तपकिरी गणवेशात फिरणारा पार्सल कंपनीचा माणूस समजून आपल्या बहिणीला पाठवायचं खोकं त्यांच्या हातात दिलं. साडूभाऊंनी ते घेतलं, त्या बाईंना अंगणात उभं करून क्लबाच्या स्थापनेची हकिगत सांगितली आणि सोमवारी स्वतः पोस्टात जाऊन खोकं रवाना केलं. बाई पुढे दर नाताळाला त्यांना केक देत असत, पण कुंपणावरून.

क्लबाचं मैदान पूर्वी चिपाडं टाकायच्या जागेवर होतं. त्यामुळे तिथे चेंडू उसळत नसे, पडला की पडूनच राही. बाहेरगावचे संघ यायचे, उसळलेल्या चेंडूची वाट बघत उभे राहायचे, आणि तेवढ्यात आमचे लोक गोल करून यायचे. हे "आमचे लोक" साडूभाऊ अशा सुरात म्हणत, की ऐकणाऱ्याला ते पन्हाळ्याचे वाटावेत. गोलकीपर बॉयलरवरचा फायरमन, डाव्या हाताला तीनच बोटं. राजधानीचा एक बडा क्लब वाट वाकडी करून मित्रत्वाचा सामना खेळायला आला, तेव्हा या माणसाने त्या हाताने शेवटच्या मिनिटाला चेंडू बाहेर काढला आणि सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. हा सामना साडूभाऊ जेवणाच्या टेबलावर मांडून दाखवत. लोणच्याची बरणी म्हणजे फायरमन, पापडाचा डबा म्हणजे गोल, आणि त्या सगळ्यात ताईंना आमटी वाढायला जागा मिळत नसे. गणेशोत्सवात एकदा त्यांच्याकडे आभारप्रदर्शन दिलं. देणगीदारांच्या यादीवरून ते कसे कोण जाणे त्या फायरमनवर गेले आणि आरतीला पाऊण तास उशीर झाला. इथल्या फुटबॉलला मात्र ते फुटबॉल म्हणायला तयार नसत. "हाताने खेळतात आणि नाव पायाचं. मग मी पायाने श्रीखंड खाऊ का?" असं त्यांनी ऑफिसात साहेबाला विचारलं होतं. श्रीखंड म्हणजे काय हे सांगण्यात पुढे जेवणाची सुट्टी गेली.

अर्जेंटिनाने शहाऐंशी साली जग जिंकलं, तेव्हा आम्ही दहाबारा कुटुंबं त्यांच्या घरी टीव्हीसमोर होतो. सामना संपताच सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. साडूभाऊ थोडे संकोचले आणि म्हणाले, की हे राजधानीकडचे लोक आहेत, बरे खेळतात, पण आमचा क्लब वेगळा. त्यांची मुलगी अनघा तेव्हा हायस्कुलात होती. ती सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, युअर टीम इज इन द थर्ड डिव्हिजन." साडूभाऊंनी तिला समजावलं, की तिसऱ्या विभागात टिकून राहणं फार अवघड असतं, तिथून खाली पडायला जागाच नसते.

त्यानंतर वर्षभराने पत्र आलं. क्लबाचा अध्यक्ष म्हणजे पूर्वीचा लेथवरचा कामगार, आता म्हातारा झालेला. त्याने लिहिलं होतं, की बंद कारखान्याच्या उरलेल्या जमिनी विकायला काढल्या आहेत, आणि त्यात मैदानही आहे. मैदान क्लबाचं असल्याचा पुरावा कोर्टाने मागितला आहे. क्लबाचं दप्तर जुन्या कचेरीतल्या कपाटात होतं, ते वाळवीने खाल्लं. चिटणिसांकडे काही असेल का?

चिटणिसांकडे सात जाडजूड वह्या होत्या. कारखान्याच्या लॅबोरेटरीतल्या. डाव्या पानावर रसाचं पृथक्करण, उजव्या पानावर क्लब. प्रत्येक सभा, प्रत्येक सामना, कुणी गोल केला, कुणी भांडण केलं, सगळं पेन्सिलीने, आणि सगळं मराठीत. साडूभाऊ स्पॅनिश बोलत फर्डी, पण ती साखरेची आणि शिव्यांची, लिहायला यायची नाही. तिथेही ते मराठीतून टिपून ठेवत, मग गावातल्या मास्तरांना तोंडी सांगत आणि मास्तर क्लबाच्या दप्तरात उतरवत. आता दप्तर गेलं, मास्तरही गेले. उरल्या वह्या, आणि त्या वाचता येतील असं कोर्ट सबंध दक्षिण अमेरिकेत नव्हतं.

तेव्हा साडूभाऊंच्या बेसमेंटमध्ये आमचे रविवार सुरू झाले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आलेला, म्हणून मराठी वाचायचं मी. ऐकून ते स्पॅनिशमध्ये सांगायचे. अनघा शाळेत स्पॅनिश शिकत होती, ती शुद्ध करून लिहायची. पहिल्या रविवारी ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसली होती. तिसऱ्या रविवारी तिने विचारलं, की स्वतःच्या वडिलांशी तंटा करून क्लब सोडून गेलेला तो लेफ्ट विंगर परत आला का. मी म्हटलं, अजून पाच वह्या आहेत. ती म्हणाली, "नो, काका, रीड नाऊ." त्या रविवारी आम्ही जेवायला वर गेलो तेव्हा ताईंनी वरणभात दुसऱ्यांदा गरम केला होता.

पाचव्या वहीत ते पान आलं. कारखान्याच्या मॅनेजरने मैदान क्लबाला दिलं त्या सभेचं. आम्ही दोन महिने याचीच वाट बघत होतो. मी वाचायला लागलो आणि थांबलो. लिहिलं होतं: "मॅनेजर म्हणाले, कारखाना चालू आहे तोवर मैदान क्लबाचं." कारखाना तर केव्हाच बंद पडला होता. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, की इथे पेन्सिल पुसट झालीय, हे वाक्य काही लागत नाही.

"पुसट नाही," साडूभाऊ म्हणाले. "त्या दिवशी नवी पेन्सिल आणली होती मी. वाचा."

मी वाचलं. अनघाने पेन खाली ठेवलं. तिने त्यांना इंग्रजीत सांगितलं, की हे एक वाक्य लिहिलं तर मैदान जाईल, आणि ते वाक्य इथे आपल्या तिघांशिवाय कुणाला ठाऊक नाही. साडूभाऊंनी वही माझ्या हातून घेतली. त्यांचा चेहरा एवढा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. मग ते म्हणाले, "आपण इतिहास लिहितोय, अर्ज नाही. लिही, अनघा."

तिने लिहिलं. त्याच पानाच्या खाली आणि पुढच्या कितीतरी पानांवर वेगळा मजकूर होता. सुट्टीच्या दिवशी चिपाडं कुणी उपसली, माती कुणाच्या बैलगाडीतून आली, भिंतीच्या विटा कुणी थापल्या, सगळी नावं. आणि कारखाना बंद पडल्यावरही दर वर्षी अध्यक्षांच्या पत्रांवरून साडूभाऊंनी एडिसनमध्ये बसून उतरवलेले सामने, एकही हंगाम न गाळता. तेही सगळं लिहून झालं. नोटरीबाईंपुढे शपथ घेऊन सही करताना बाईंनी विचारलं, मूळ भाषा कोणती. साडूभाऊ ताठ उभे राहिले आणि राष्ट्रगीत म्हणावं तसं म्हणाले, "मराठी."

उत्तर यायला आठ महिने लागले. अनघाने पत्र जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं, आधी स्पॅनिशमध्ये साडूभाऊंसाठी, मग इंग्रजीत आमच्यासाठी. मैदान क्लबाकडे राहिलं होतं. अध्यक्षाने लिहिलं होतं, की न्यायाधीशांनी त्या एका वाक्याचा खास उल्लेख केला: ज्या चिटणिसाने स्वतःच्या क्लबाच्या विरुद्ध जाणारं वाक्य गाळलं नाही, त्याच्या बाकीच्या पानांवर विश्वास ठेवता येतो, आणि ते मैदान ज्यांनी हाताने बनवलं आणि इतकी वर्षं राखलं, त्यांचंच आहे. ताईंनी पदर डोळ्यांना लावला. अनघा उठली आणि वडिलांच्या मानेभोवती हात टाकून उभी राहिली. साडूभाऊंनी विचारलं, शेवटच्या सामन्यात काय झालं ते लिहिलंय का. लिहिलं होतं. क्लब तीन-शून्य हरला होता. "हरू दे," ते म्हणाले. "मैदान राहिलं म्हणून हरता तरी आलं." एवढा अभिमान मी जिंकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही पाहिला नाही.

दशक संपायच्या बेतात होतं तेव्हा ते आणि ताई तीन आठवडे तिकडे जाऊन आले. आम्ही चार रविवार ऐकत बसायची तयारी ठेवली होती, पण परत आल्यावर ते क्लबाविषयी अवाक्षर काढेनात. शेवटी मीच एका संध्याकाळी विषय काढला. फायरमन वारला होता, अध्यक्ष अंथरुणाला खिळले होते. सामन्याच्या दिवशी साडूभाऊ लवकर जाऊन एकटेच मैदानाच्या पायऱ्यांवर बसले. त्यांना कुणी ओळखलं नाही. शेजारी विणकाम घेऊन तिशीची एक बाई बसली होती. परगावचा माणूस बघून तिने त्यांना क्लबाचा इतिहास सांगायला सुरुवात केली, चिपाडांपासून. दोनतीन ठिकाणी चुकली. कोर्टाची हकिगतही सांगितली, की कुणी एक भारतातला माणूस होता, त्याने सगळं लिहून ठेवलं होतं, म्हणून ही पायरी आज इथे आहे. तो आता वारला, असं ती म्हणाली.

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

"म्हटलं, चांगला माणूस असणार."

"आणि ती?"

साडूभाऊ खिडकीबाहेर बघत होते. पलीकडच्या अंगणात दिवे लागले होते.

"ती म्हणाली, होता चांगला. पण बोलायचा फार, म्हणे."