आक्षेपार्ह ठरलेला पाय

माझी धाकटी जाऊ कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात पत्रव्यवहार सांभाळते. पाय नीट बसला नाही तर कातडी सोलवटते, जखम चिघळते. म्हणून दुखलं की लगेच फोटो मेल करायचा, असं ती प्रत्येकाला पाय देतानाच बजावते.

तिथल्या संगणकाला एक चाळणी आहे. संशय आलेले मेल ती बाजूला अडकवून ठेवते आणि पंधरा दिवसांनी आपोआप पुसून टाकते. त्याआधी त्यांतले खरे मेल सोडवायचे, हे जावेचं रोजचं काम.

"न उघडता तुला कळतं कसं गं?" मी विचारलं.

"पत्ता बघायचा, ताई. नाव बँकेचं आणि पत्ता भलताच, की ओळखायचं. शिवाय लबाडांना घाई फार. 'आत्ताच्या आत्ता दाबा!' म्हणे. दाबते कशाला!"

एक कप्पा मात्र ती कधी उघडत नसे. 'आक्षेपार्ह चित्रं'. तिच्या संगणकाचा पडदा दाराकडे. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहिलं तर काय म्हणेल? त्या कप्प्यापुढे एरवी एक-दोनचा आकडा असे. एका सोमवारी तो सहा झाला. आता मात्र तिला राहवेना. दार लोटून तिने यादी उघडली.

सहाही मेल एकाच पत्त्यावरून आलेले. सगळे सकाळी पावणेसातच्या सुमाराचे. पहिला उद्या पुसला जाणार होता. चावट माणूस इतका नेमाने वागेल? विषय तर नुसता 'पाय'.

तिने मेल उघडला. गुडघ्याखाली तोडलेला उघडा पाय, त्यावर लालभडक जखम. चाळणीला दिसली होती फक्त उघडी कातडी.

तिने फोटो पाय बसवणाऱ्या कारागिराला दाखवला. तो ताडकन उठला. "हा तर मागे आपण पाय दिला तो माळी! तक्रार नाही म्हणून मी खूश होतो. बोलवा त्याला. आठवडाभर असाच चालला तर आणखी वरून कापतील!"

दुपारी माळी लंगडत आला.

"दादा, फोन तरी करायचा!" जाऊ म्हणाली.

"तुम्हीच म्हणालात ना, फोटो पाठवा? सकाळी पाय चढवायच्या आधी काढायचो. उत्तर येईना, तर वाटलं नीट दिसत नसेल. मग आणखी जवळून काढला."

कारागिराला हसू आवरेना. जावेला मात्र हसू येईना. "तुमचं काही चुकलं नाही हो. मीच लाजत बसले."

माळी डॉक्टरांकडे गेला. दोन महिने कुबड्या वापरल्या, पण पाय आणखी कापावा लागला नाही. जाऊ मात्र त्याच दिवशी, तो गेल्यावर, फोनपाशी बसली. आधी पुसले गेलेले मेल परत मिळणार नव्हते. वर्षभरात ज्यांना ज्यांना पाय दिले, त्या सगळ्यांना तिने एकेक करून विचारलं, "पाय बरा आहे ना? आम्हाला कधी फोटो पाठवला होतात का?"

दोघे म्हणाले, हो.