जिल्हाभर चांगला पाऊस

माझी पाठवणी चालली होती आणि गावात पाण्याचा टँकर आला. वाजंत्री वाजतच राहिली, पण बायका पांगल्या. माझ्या गळ्यात पडून रडणारी आई डोळे पुसत म्हणाली, "मंगल, तू बस गाडीत. दोन हंडे भरून आलेच." ती परत आली तेव्हा गाडीवाला हॉर्न मारत होता. शिरूर तालुक्यातल्या माळावरून मी अशी निघाले आणि भीमा ओलांडून पाटसला आले. इथं कालवा, ऊस, परसात बोअर. सुरुवातीला कुठं नळ वाहताना दिसला की मी धावत जाऊन बंद करायचे. सासूबाई हसायच्या. आता मीच मोटर चालू ठेवून मोबाइल बघत बसते.

त्याच मोबाइलवर यंदा अंदाज आला, पुणे जिल्ह्यात सरासरीपेक्षा जास्त पाऊस. चारा संपत आला होता म्हणून मी माहेरच्या गाई इकडं आणायचं म्हणत होते. आबा, माझे वडील, टीव्ही बघून म्हणाले, "आता कशाला? यंदा पाऊस हाय म्हनत्यात." एक सर पडली आणि त्यांनी बाजरी पेरली.

पुढं धरणं भरल्याच्या बातम्या आल्या. शेतकरी सुखावला, असंही लिहिलं होतं. मी हौसेनं फोन केला. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुठला शेतकरी? हितं बाजरी करपली की."

पाऊस पडला होता, ते खोटं नव्हतं. घाटमाथ्यावर पडला, आणि जिल्ह्याच्या हिशेबात आमचा माळही भिजला. वर गावाचा टँकर बंद झाला. मी तहसील कचेरीत फोन लावला.

"मॅडम, तुमच्या महसूल मंडळात पावसाची नोंद आहे."

"अहो, तुमचं पाऊस मोजायचं यंत्र नदीकाठच्या गावात आहे. आमच्याकडं थेंब नाही."

"रिपोर्टमध्ये तसं दिसत नाही."

मी गाई आणायला टेम्पो ठरवला आणि निघाले. पुलाखाली भीमा दुथडी भरून वाहत होती, धरणांतून सोडलेलं गढूळ पाणी. ड्रायव्हर फोटो काढायला थांबला. "चला हो," मी त्याच्यावर खेकसले. त्याची काय चूक होती? थोडं पुढं गेलो तर टेम्पोमागं धुरळा.

गाई चढवल्या, आई चढली. आबा उंबऱ्यातून हलले नाहीत.

"तुमी पन चला ना," मी म्हणाले.

"समदीच गेलो तर टँकर कुनासाठी मागायचा? तू जा. आईला नीट ने."

आमच्यापैकी जे गाव सोडून गेले, ते मला विचारतात, आता पाटसच घर झालं असेल ना? झालं की. माझी मुलं इथली, ऊस इथला. पण परवा दुपारी आभाळ फुटलं. उसात आधीच पाणी साचलेलं, आणि वरून ही झोड. ओसरीवर उभं राहून आईनं फोन लावला, "तिकडं आला का?" पावसाच्या आवाजात तिला ऐकू येईना, म्हणून मी स्पीकर लावला.

"न्हाई," आबा म्हणाले. "ऊन पडलंय."

मी दोरीवरचे कपडे ओढून घेतले आणि माझ्याच अंगणात पडणाऱ्या पावसाला शिव्या दिल्या.