श्री नसलेलं कार्ड

भिवापूरच्या फलाटावर छोट्या लाईनची गाडी उभी होती आणि माझ्या पिशवीतल्या मिरचीमुळे अर्धा डबा शिंकत होता. शहरातली मिरची नुसती लाल असते, असं मायचं ठाम मत होतं, म्हणून तिने पिशवी तोंडापर्यंत ठासून भरली होती. ह्यांनी घरच्या मागाचा धोटा, आडवं सूत इकडून तिकडे नेणारा तो लाकडी तुकडा, जुन्या धोतरात गुंडाळून सोबत घेतला होता. नागपुरात विजेचे माग, तिथे या लाकडी धोट्याला कोण विचारतो? पण तो मागे ठेवणं काही त्यांना जमलं नाही. बाबा खिडकीशी उभे राहून एकच गोष्ट तीन वेळा म्हणाले, "पोहोचल्यावर कार्ड टाकजो वं. खुशाल हाव म्हून लिहजो. दुसरं काही लिहू नोको, चारचौघांत वाचतेत ते."

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही कोष्टी, म्हणजे विणणारी माणसं, आणि विणायला सूतच मिळत नव्हतं. जे यायचं ते निम्मं तुटकं. घरोघरी खड्ड्यातले माग रिकामे होते आणि एका गल्लीत तर मागाच्या खड्ड्यात कोंबडी अंड्यावर बसलेली मी पाहिली आहे. अशा वेळी सखारामकाका गावात आले. ते आमच्याच भिवापूरचे, बाबांचे लांबचे भाऊ, नागपुरात एका शेठच्या कारखान्यात मुकादम. माणसं हवी आहेत म्हणाले. आम्ही निघालो.

तुम्ही जे भिवापुरात राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, त्या सगळ्यांना मला आज एका कार्डाबद्दल सांगायचं आहे. यंदा आपलं नवं राज्य झालं, जो तो नव्या गोष्टी बोलतो आहे. माझी गोष्ट जुनी आहे, पण ती मी अजून कुणाला धड सांगितलेली नाही.

कारखान्यात गेल्यावर कळलं की माणसं दोन जातीची असतात, पक्की आणि कच्ची. ज्यांची नावं हजेरीबुकात ती पक्की. ती थोडीच होती. बाकी आम्ही सगळे खेड्यातून आलेले कच्चे. आमचं नाव कुठेच नाही. कायदा तपासणारा साहेब दारात आला की सखारामकाका आत येऊन मोठ्याने म्हणायचे, "चाला गा, दर्शनाले चाला!" मग कच्चे सगळेच आपापले माग थांबवून मागच्या दाराने बाहेर पडत आणि गल्लीतल्या मारुतीपुढे जाऊन बसत. एवढे भक्त एकदम पाहून पुजारी पहिल्यांदा फार खूश झाला होता. साहेब जाईपर्यंत ते तिथे बसून राहायचे, अंगावर कापसाची तुसं आणि समोर शेंदूर. पुढे पुढे घरीसुद्धा ‘दर्शन’ म्हटलं की ह्यांचा चेहरा उतरायचा.

मी चौथी शिकलेली. आमच्या चाळीत तेवढीच शिकलेली बाई मी, त्यामुळे सगळ्यांची कार्डं माझ्याच हातची. बायका येऊन बसायच्या, खोकल्याचं सांगायच्या, गळक्या पत्र्याचं, नळावरच्या भांडणाचं, रडून घ्यायच्या, आणि शेवटी डोळे पुसून म्हणायच्या, "जाऊ दे, खुशाल लिह्य." मीही लिहायची. वर मधोमध श्री, खाली ‘इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी’. मग उरलेल्या जागेत काय लिहायचं ते सुचायचंच नाही. माझीही कार्डं तशीच. ह्यांना काम लागलं, खुशाल. खोली मिळाली, खुशाल. त्या खोलीत पाय पसरले की चुलीला लागत होते, ते कधी लिहिलं नाही.

बाबांना वाचता येत नव्हतं. पण त्यांना श्री ओळखता यायचं, आणि तेवढं त्यांना पुरायचं. कार्ड आलं की आधी माथ्यावर बघायचे. श्री असलं की कार्ड कपाळाला लावून मग सावकाश मास्तरांकडे न्यायचे. मरणाच्या पत्रावर श्री नसतं, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं.

मला ठाऊक नव्हतं ते वेगळंच. माझी ही खुशालीची कार्डं सखारामकाका बाबांकडून मागून घेत आणि गावोगाव मास्तरांकडून वाचून घेत. पार कुहीपर्यंत. "हे पाहा, वत्सलाच्या हातचं हाय. माया तोंडचं नोका ऐकू." माझ्या अक्षरावर माणसं घर सोडत होती. हे मला पुढे नामदेवने सांगितलं. नामदेव माझा पाठचा भाऊ, हाताचा इतका सफाईदार की बाबा त्याने विणलेल्या धोतराचा काठ लोकांना दाखवत फिरायचे. त्याने मास्तरांकडून कार्ड लिहवलं, "ताई, काका म्हून राहिले का नागपूरले चाल. तू सांग, येऊ का?"

आता खरं सांगते. मला उत्तर माहीत होतं. येऊ नको, एवढे दोन शब्द. पण मी कार्ड समोर घेऊन बसले आणि मला आपल्या भावाचं तोंड दिसायला लागलं. नागपुरात मला कुणी ताई म्हणत नव्हतं. मी श्री लिहिलं, खाली लिहिलं, इकडील सर्व खुशाल आहे, ये.

तो आला. आल्या आल्या मिरचीची पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाला, "घे वं, शिंकत शिंकत आलो." आठ महिने मी फार सुखात होते.

विजेच्या मागाचा धोटा टोकाला लोखंडी असतो आणि माग बिघडलेला असला तर तो धावता धावता पट्टीवरून बाहेर उडतो. नामदेवच्या मागाची तक्रार त्याने दोनदा केली होती. तिसऱ्यांदा धोटा उडाला तो त्याच्या डाव्या डोळ्यात गेला. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुठे लागलं? सखारामकाका माझ्या आधी बोलले, "घरच्या मागावर, साहेब." आणि मी, हे, आम्ही दोघंही गप्प उभे राहिलो. डोळा गेला. हे शेठकडे गेले तेव्हा गादीवरच्या दिवाणजीने हजेरीबुक उघडून फिरवून दाखवलं. या नावाचा माणूस आमच्याकडे नाहीच, म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, बुकात नाव नव्हतंच.

पुढच्या सोमवारी भिवापूरहून आणखी बारा-तेरा जण निघणार होते. दुपारी मी कार्ड घेतलं. वर श्री लिहायला हात उचलला, पण तो पुढे जाईना. इतक्या वर्षांची सवय अशी की श्री लिहिलं की खाली आपोआप खुशाल यायचं. मी श्री सोडून दिलं आणि पहिल्याच ओळीपासून सुरुवात केली. नामदेवचा डोळा गेला. कारखान्यात आपल्या कुणाचं नाव नाही. साहेब आला की आम्हाला लपवतात. कुणी येऊ नका. आधीची माझी सगळी कार्डं खोटी होती. जागा कधी नव्हे ती कमी पडली, कडेने उभी ओळ लिहावी लागली.

तिसऱ्या दिवशी बाबा दारात उभे. अंगात सदरा उलटा, हातात कार्ड, डोक्याला काही नाही. आत न येता त्यांनी विचारलं, "कधी नेलं त्याले?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांच्या हातातल्या कार्डाची कोरी वरची जागा दिसली आणि ते काय समजले ते उमगलं. शाळेला सुट्टी, मास्तर गावाला. बाबांनी माथ्यावर बघितलं, श्री नाही. वाचून घ्यायला थांबतो कोण? मायने तिकडे हंबरडा फोडला आणि बाबा तसेच गाडीत बसले. डब्यात कुणाला तरी वाचायला देता आलं असतं. "ऐकवणार नव्हतं मले," ते नंतर म्हणाले.

नामदेव आतून पट्टी बांधलेल्या तोंडाने म्हणाला, "कोण, बाबा का?" बाबा आत धावले. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून चाचपला, आणि मग मला एक थोबाडीत मारली. आयुष्यातली पहिली आणि शेवटची. "जित्ता हाय ना! मंग श्री काहून नाही लिहलं?"

"खुशाल लिहायची लाज वाटली, बाबा," मी म्हणाले.

संध्याकाळी सगळे त्या खोलीत दाटीवाटीने बसले होते. चूक कुणाची, यावर बोलणं निघालं. मी म्हणाले माझी, मीच त्याला ये म्हणून लिहिलं. नामदेव म्हणाला, "नाही वं, तुटलं सूत पाहाले म्याच मान पुढं केली होती." सखारामकाका केळी घेऊन आले होते, ती तशीच मांडीवर धरून रडत म्हणाले, "मीच आणलं गा सगळ्याइले. मीही त कच्चाच हाव, बुकात मायं तरी नाव कुठं हाय?" शेवटी बाबा म्हणाले, "खुशाल लिहजो म्हून म्याच सांगतलं होतं."

मी सगळ्यांकडे बघत राहिले. दोष वाटून घ्यायला आमच्यात नुसती चढाओढ लागली होती. फक्त ज्याचा माग बिघडलेला होता, ज्याने बूक कोरं ठेवलं होतं, त्या शेठकडून कुणी आलं नव्हतं. तो त्या वेळी काय करत असेल ते मला माहीत नाही. मला तेव्हा पहिल्यांदा राग आला, आणि तो स्वतःवरचा नव्हता.

तेच ह्यांच्याही मनात आलं असावं. पुढच्या वेळी साहेब आला, काकांनी ‘दर्शनाले’ एवढीच अर्धी हाक दिली. हे आणि आणखी पाच जण मागावरून उठलेच नाहीत. साहेबाने नावं विचारली, ह्यांनी सगळ्यात आधी नामदेवचं नाव सांगितलं. त्यानंतर वीस-बावीस नावं बुकात चढली. ह्यांचं चढलं नाही, ह्यांना काढून टाकलं. आता ते विणकरांच्या सोसायटीत हातमागावर बसतात, आणि धोतरात गुंडाळून आणलेला तो धोटा शेवटी कामाला आला. नामदेव सीताबर्डीवर एका कापडाच्या दुकानात असतो. एका डोळ्याने काठ बघून सूत कुठलं ते सांगतो.

ते बारा-तेरा जण त्या सोमवारी निघाले नाहीत. पण वर्षभराने त्यातले पाच आलेच. गावात राहून करणार काय होते? ते कार्ड लिहवायला आले की मी आधी विचारते, खरं सांगा, काय लिहू?

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी अजून भिवापूर सांगते, जरी आता वर्षातून एकदा जाणं होतं. त्याचं कारण बाबांचं एक कार्ड आहे. इथून परत गेल्यावर त्यांनी मास्तरांपुढे बसून, आपल्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहवून घेतलेलं. वरचं श्री मात्र त्यांनी स्वतः काढलं आहे, वेडंवाकडं, एखाद्या तान्ह्या पोराच्या मुठीएवढं. खाली आहे: ‘इकडे काही खुशाल नाही. सूत मिळत नाही. तुया मायचा गुडघा सुजला. मी तुले मारलं त्याचं मले रोज वाईट वाटते. आता तू लिहजो.’