मनकर्णाच्या गळाला लागलेला टॅपेट

झिंगू भोयर जन्मानं ढीवर. पण त्यानं एखादा मासा पकडल्याचं पंचक्रोशीत कोणी पाहिलं नव्हतं. पाण्याला तो भ्यायचा. गुडघ्याच्या वर पाणी आलं की ओरडायचा. म्हणून आलापल्लीजवळच्या तलावावर जाळं टाकायला त्याची बायको मनकर्णा जायची, आणि झिंगू मिस्त्री झाला. लढाईच्या काळात तो कामठीला मिलिटरीच्या गाड्या धुवायला गेला होता. धुता धुता त्या खोलायला शिकला आणि परत येताना पान्ह्यांची एक पेटीही घेऊन आला. "सरकारनं देल्ली," म्हणायचा. ते सरकार पुढे विलायतेला निघून गेलं, त्यामुळे खात्री करायची सोय राहिली नाही.

मी तेव्हा तिथल्या लाकडाच्या डेपोत मोजणी कारकून होतो. सत्तावन्न सालचा मे महिना. वरोऱ्याच्या एका शेठचा डिझेल ट्रक सागाचे ओंडके भरून बल्लारशाकडे निघाला आणि दीड मैलावर टकटक करू लागला. चढावर दम नाही, मागे काळा धूर. पावसाआधी नदीपात्रातला कच्चा रस्ता ओलांडायचा होता, नाहीतर माल दिवाळीपर्यंत इथंच.

ड्रायव्हर नानाजीचं निदान तयार होतं. रस्त्याकडेच्या देवीपुढे तो रोज भोंगा वाजवायचा. त्या दिवशी विसरला होता. त्यानं कोंबडं कापलं आणि टकटक थांबली. इंजिन बंद केलेलं होतं, पण हे त्याच्या ध्यानात आणून द्यायची कोणालाच घाई नव्हती. कोंबडं अजून शिजायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचे जावईबापू जीपनं आले. मुंबईला इंजिनाचं शिकलेले. डोक्यावर हॅट. आल्या आल्या त्यांनी मला, नानाजीला आणि झिंगूला छापील नावाचं एकेक जाड कार्ड दिलं. आमच्यात ते वाचता येणारा मी एकटाच.

"इंजिन उतरवून नागपूरला न्यावं लागेल," ते म्हणाले.

झिंगूनं इंजिन चालू करायला लावलं. सागाची एक काठी इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं, आणि काठी सरकवत सरकवत तिसऱ्या सिलिंडरपाशी थांबला.

"नागपूरले कायले जी? टॅपेट गेला हाये."

टॅपेट म्हणजे अंगठ्याएवढी पोलादी डबी. खालून फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, म्हणजे कॅम, तिला ढकलतो, ती वरच्या दांडीला ढकलते आणि दांडी व्हॉल्व उघडते. एवढंच तिचं काम, पण तिनं ते सोडलं की दहा टन सागवान जंगलात बसतं.

झिंगूनं वरचं झाकण काढलं, दांड्या ओढून क्रमानं गोणपाटावर मांडल्या, बाजूचं झाकण उघडलं. टॅपेट आपल्या भोकात घट्ट अडकला होता. तिथवर हात जायला चार बोटांची जागा. झिंगूची बोटं केळ्यांसारखी. दोन तास तो शिव्या देत होता. आधी टॅपेटला, मग ट्रक बनवणाऱ्याला, मग भाताची वाट पाहून मनकर्णाला. तिला घालत असलेली शिवी अर्ध्यात असतानाच ती डबा घेऊन आली.

"काऊन बोंबलून राह्यले?"

"अंदर फसला हाये. निंगत नाई."

मनकर्णानं वाकून पाहिलं. "याले भोक हाये ना बाजूनं?" तेल जायला टॅपेटच्या अंगाला बारीक भोक असतं. तिनं पदराच्या गाठीतून मरळ धरायचा गळ काढला. आधी आत घासलेट ओतायला लावलं, मग बारीक हात आत घालून गळ त्या भोकात अडकवला. ओढला मात्र नाही. दोरी जराशी ताणायची, सैल सोडायची, डावीकडे, उजवीकडे.

"ओढ ना!" झिंगू म्हणाला.

"तुमी चूप बसा. ओढलं का तुटते."

पाचेक मिनिटांत टॅपेट तिच्या तळहातावर होता. त्याच्या बुडाला देवी आल्यासारखे खड्डे पडले होते. जावईबापूंनी हॅट काढली, घामामुळे असेल.

झिंगूनं खालचा कॅम नखानं चाचपला. तो शाबूत होता. गेल्या साली नाल्यात कोसळलेला त्याच जातीचा एक ट्रक जवळच पडला होता. त्याचं अर्धं इंजिन लोकांनी नेलंच होतं. आम्ही एक गुळगुळीत टॅपेट नेला. तेल लावून भोकात सोडला तर आपल्या वजनानं खाली गेला.

आता व्हॉल्ववरची फट लावायची. ती मोजायच्या पोलादी पट्ट्या झिंगूकडे होत्या, पण माशांचे खवले काढून काढून मनकर्णानं त्या वाकवल्या होत्या. त्यानं खिशातून जावईबापूंचं कार्ड काढलं आणि फटीत सरकवलं.

"अहो, ते माझं..." जावईबापू पुढे झाले. मग त्यांनी कार्ड दोन बोटांत धरून पाहिलं. शिकलेला माणूस, फटीचा आकडा पाठ होता. "जाडी बरोबर आहे," ते हळूच म्हणाले, आणि बाकीचे व्हॉल्व तपासायला स्वतःच बाह्या सारून बोनेटवर चढले.

ट्रक चालू झाला. टकटक नाही. नानाजीनं देवीकडे पाहून लांबलचक भोंगा वाजवला. पावसाच्या दोन दिवस आधी माल नदीपार झाला.

शेठनं झिंगूला वरोऱ्याला बोलावून पक्की नोकरी देऊ केली. झिंगू म्हणाला, "मनकर्णाले बी ठेवा. अंदरचं काम थे करते." शेठ हसला. झिंगू चहा पिऊन परत आला.

पुढची पाच-सहा वर्षं, गाडीचं काही आत अडकलं की ड्रायव्हर आधी तलावाकडे यायचे. "बाई, जरा हात पायजे." मनकर्णा काठाकडे न बघता जाळं ओढत राहायची. एकदा रेंजरसाहेब स्वतः आले. त्यांनाही ती बाहेर येईपर्यंत पाऊण तास काठावर बसावं लागलं, आणि उठताना पँटला शेवाळ.